मुखाबाहेर, पाच माणसं

वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान धक्क्यावरून वर येणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशी होतं. शाळा सुटली की मी तिथंच जाऊन बसायची. येणारे ट्रान्झिस्टर बहुतेक खलाशांचे असत. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले, वरून रबर लावलेले, तरी आत खारं पोचलेलंच. झाकण उघडलं की तांब्याला हिरवा कळंक चढलेला दिसायचा, आणि वडील जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून तो हळूहळू घासत बसायचे. "दर्या दारातून येत नाही, फटीतून येतो," असं ते म्हणत.

तो ट्रान्झिस्टर गाण्यांसाठी नसायचाच म्हणा. रत्नागिरी आकाशवाणीवरून वाऱ्याचा अंदाज यायचा, 'मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये' हे वाक्य यायचं, आणि ते ऐकण्यासाठी तो नावेवर असायचा. मला लहानपणी रेडिओ म्हणजे एवढंच वाटे. किनारा बोलतो, दर्या ऐकतो. उलट्या वाटेनं काही येत असेल हे मनातही आलं नव्हतं.

ती उलटी वाट नसणं म्हणजे काय, हे मला तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पुळणीवर उभं राहून कळलं.

रविवार होता. मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी सुरूच्या बनापर्यंत रस्ता भरलेला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दोन पोरं डोंगराच्या नाकावरच्या कातळावर फोटो काढायला गेली आणि लाटेनं दोघांना खाली ओढलं. आमच्या मच्छीमार सोसायटीची एक छोटी बचावनौका आहे. सहा मीटरची, फायबरची, मागं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन. तांडेलकाका आणि दोन पोरं ती ढकलून पाच मिनिटांत पाण्यात गेली. पावणेसहाला नाव नाकाच्या पलीकडे वळली, आणि तिथून पुढं सव्वाआठपर्यंत आम्हाला काही कळलं नाही.

काकांकडे हातात धरायचा व्हीएचएफ सेट होता, म्हणजे बोलता आणि ऐकता दोन्ही येणारा रेडिओ. तसाच दुसरा सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, पुळणीवर. ते सारखं बटण दाबून बोलवत होते आणि सेटमधून नुसती खरखर येत होती. मोबाइल तर नाकाच्या त्या बाजूला कधीच लागत नाही. सूर्य बुडाला. ओहोटीचं पाणी खाडीच्या मुखातून बाहेर खेचत होतं. तांडेलकाकी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. त्या एक शब्द बोलत नव्हत्या, आणि कुणी त्यांना मागं या म्हणायलाही धजत नव्हतं. बुडालेल्या पोरांचे मित्र रडत होते, आणि आम्ही गावची माणसं आमच्या नावेच्या काळजीत होतो. दोन्ही दुःखं शेजारीशेजारी उभी होती आणि एकालाही बातमी नव्हती.

सव्वाआठला वल्ह्यांचा आवाज आला. दोन्ही पोरं जिवंत होती. एका कातळाच्या खोबणीत धरून राहिली होती. त्यांना उचलून वळताना पंख्यात जाळ्याचा तुटका दोर गुंडाळला, इंजिन बंद पडलं, आणि हे पाच जण अंधारात वल्हवत आले. काका किनाऱ्याला लागल्यावर म्हणाले, "मी बोलत होतो ना. सगळा वेळ बोलत होतो."

ते 'बोलत होतो' माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, हायस्कुलात विज्ञान शिकवते. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे दर वर्षी सातवीच्या वर्गात सांगते. काकांचा आवाजही सरळ रेषेतच गेला होता. तो डोंगराच्या कातळाला लागून तिथंच राहिला.

आमच्या किनाऱ्याला हे नवं नाही. १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावस्येला, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई शहर काही मैलांवर, आणि मुंबईला बातमी कळली ती कित्येक तासांनी, पोहून आलेल्या माणसांच्या तोंडून. माझे आजोबा तेव्हा गिरणीत होते. ते सांगत, बोट बुडाल्याचं दुःख वेगळं आणि ती बुडत असताना आपण रोजच्यासारखे जेवलो याचं दुःख वेगळं. फयान वादळ आलं, नोव्हेंबर २००९ मध्ये, तेव्हाही धक्क्यावर असंच उभं राहणं मी पाहिलंय. वडिलांनी दुकानातला मोठा रेडिओ बाहेरच्या बाकावर आणून ठेवला होता, आणि बायका त्याच्याभोवती बसल्या होत्या. पण त्यातून त्यांच्या माणसांचा आवाज यायचा नव्हता. तो फक्त वाऱ्याचा वेग सांगत होता.

त्या मे महिन्यानंतर सोसायटीच्या बैठकीत ठरलं, नावेवर कायमचा सेट बसवायचा. पैसे अर्धे सोसायटीनं घातले, अर्धे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळानं. काम माझ्याकडे आलं, कारण गावात डाग देता येणारं, म्हणजे सोल्डरिंग करता येणारं माणूस म्हणजे रेडिओवाल्यांची मुलगी एवढंच लोकांना ठाऊक.

बैठकीत एकानं विचारलं, हातातला सेट आहे की, मग आणखी कशाला? प्रश्न रास्त होता, म्हणून मी फळ्यावर आकडे लिहिले. हातातल्या सेटची ताकद पाच वॅट. कायमच्या सेटची पंचवीस. पण ताकदीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे उंची. पृथ्वी वाकलेली आहे, आणि या लहरी तिच्या वाकण्यामागं फारशा जात नाहीत. एरियल पाण्यापासून जितके मीटर वर, त्याचं वर्गमूळ काढायचं, त्याला ४.१ नं गुणायचं, की तिची क्षितिजापर्यंतची पोच किलोमीटरमध्ये मिळते. नावेत बसलेल्या माणसाच्या खांद्याशी सेट म्हणजे एक मीटर, म्हणजे चार किलोमीटर. तोच एरियल अडीच मीटरवर नेला तर साडेसहा. आणि समोरचा ऐकणारा जर सड्यावर, शाळेच्या छपरावर असेल, साधारण ऐंशी मीटर उंच, तर एकट्या त्याची पोच छत्तीस-सदतीस किलोमीटर. दोघांची बेरीज करायची. पुळणीवर उभ्या माणसानं हातातला सेट डोक्याइतका वर धरला तरी त्याची पोच जेमतेम पाच-साडेपाच किलोमीटर. म्हणजे इतके दिवस आम्ही ऐकणाऱ्याला गावातल्या सगळ्यात खालच्या जागी उभं करत होतो.

मोबाइलचंही बोलणं निघालं. मोबाइल चांगलाच, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येकाच्या फोनात असलाच पाहिजे, मी तो धक्क्यावरच्या शेडमध्ये रंगवून घेतला आहे. पण मोबाइलचे टॉवर गावाकडे तोंड करून असतात. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडचे टॉवर आणि वीज दोन्ही गेलं होतं. आणि फोन एकाच माणसाला लागतो, त्याचा नंबर माहीत असेल तर. व्हीएचएफचा सोळा नंबरचा चॅनल, १५६.८ मेगाहर्ट्झ, सगळ्या जगात संकटासाठी आणि हाकेसाठी राखलेला आहे. त्यावर बोललं की आसपासचा प्रत्येक सेट ऐकतो: ट्रॉलर, जयगडला जाणारं मालवाहू जहाज, तटरक्षक दलाची नौका. बुडणाऱ्याला कुणाचं नाव ठाऊक असावं लागत नाही.

परवान्यांची कागदपत्रं महिनोन् महिने चालली, नावेच्या सेटची वेगळी, शाळेतल्या सेटची वेगळी. त्यावर फार लिहीत नाही. सेट हातात आले ते पुढच्या वर्षी मार्चमध्ये.

आता एरियल कुठं लावायचा? मी कागदावर चित्र काढून नेलं होतं, काठी उजव्या काठावर, सुकाणूच्या जवळ, तार सगळ्यात आखूड. तांडेलकाकांनी कागद बघितला, नावेत चढले, उजव्या काठावर ओणवे झाले आणि दोन्ही हात पाण्यात घालून काहीतरी वर ओढल्यासारखं केलं. "बाई, माणूस मी हिकडून घेतो," म्हणाले. "तुमची काठी त्याच्या तोंडाशी येते."

मला ते सुचलं नव्हतं. बुडणारा माणूस काठ दिसताच जे हाताला लागेल ते पकडतो. उचलणाराही त्याच बाजूला वाकलेला असतो. सुकाणूवरच्या माणसाला ज्या बाजूला नीट दिसतं, ती बाजू मोकळी हवी. मग काकांनी आणखी दाखवलं. दोर फेकायचा तो कुठून, ओढून आणायची नाव बांधायची ती कुठं, आणि पुळणीवर नाव चढवताना आठ माणसं कुठं कुठं हात घालतात. ओंडक्यांवरून नाव वर ढकलताना जे उभं दिसेल ते माणसं धरतात. काठी बसवायची तर ती कुणी तरी धरणारच, हे गृहीत धरून बसवायची.

म्हणून मागच्या बाजूला, इंजिनाच्या पुढं, स्टीलची कमान केली. ती माणसांच्या वजनाला उतरेल अशी, आणि तिच्या डाव्या खांद्यावर काठी. तळाशी बिजागरीचा पाया, खटका ओढला की काठी आडवी होते. कमानीचे पाय जिथं फायबरवर टेकतात तिथं खालून स्टीलच्या पट्ट्या घातल्या, नाहीतर बोल्ट फायबर फाडून वर येतात. भोकं पाडल्यावर आतलं लाकूड उघडं पडतं, ते आधी राळेनं बंद केलं. वेल्डिंगवाल्याला मी ३१६ ग्रेडचं स्टील आणायला सांगितलं, त्यानं सवयीनं ३०४ आणलं होतं. दोन्ही चकचकीत, लोहचुंबक दोघांनाही धरत नाही, दिसायला फरक शून्य. पण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते टिकतं. ३०४ वर एका पावसाळ्यात चहा सांडल्यासारखे तांबूस ओघळ येतात, मग त्याखाली खड्डे. त्यानं बिल बघून मान हलवली, पण परत जाऊन बदलून आणलं.

काठीचंही सांगायला हवं, कारण दुकानदार नेहमी जास्त डीबीची काठी विकायला बघतो. डीबी म्हणजे काठी लहरी किती एकवटते त्याचं माप. सोळा नंबरच्या लहरीची लांबी १.९ मीटर, म्हणून अर्ध्या लहरीची काठी मीटरभराच्या आत बसते. फायबरच्या नावेत तळाला धातूचा पत्रा नसतो, तेव्हा अर्ध्या लहरीचीच घ्यावी, तिला खालच्या पत्र्याचा आधार लागत नाही. आमची काठी ३ डीबीची आहे. ६ डीबीची लांब काठी लहरी आडव्या पातळ थरात गोळा करते. मोठ्या, संथ जहाजावर ते उत्तम. सहा मीटरची नाव लाटेवर डावी-उजवी कलंडते तेव्हा तो पातळ थर एकदा पाण्यात जातो, एकदा आभाळात. छोट्या नावेला कंदील बरा, टॉर्च नको.

खरं काम तारेचं आणि तिच्या टोकांचं. शाळेच्या छपरावरून खालच्या खोलीत येईपर्यंत वीस मीटर तार लागली. बाजारात मिळणारी बारीक को-ॲक्स, म्हणजे मधे तार आणि भोवती तांब्याची जाळी असलेली, घातली असती तर सेटमधून निघालेल्या पंचवीस वॅटपैकी निम्म्याहून जास्त तारेतच ऊब होऊन गेले असते. जाड तारेत ती गळती साधारण एक तृतीयांशावर येते. नावेवर पाचच मीटर लागणार होती, तिथं बारीकही चालली असती, पण मी कल्हई केलेल्या जाळीची जाड तारच घेतली. कल्हई म्हणजे तीच, भांड्यांना लावतात ती. उघड्या तांब्याच्या तारेत खारं पाणी टोकातून शिरलं की वात तेल ओढते तसं आत आत चढत जातं, आणि फुटा-दोन फुटांपर्यंत तांबं काळं पडतं. वरून तार नवीकोरी दिसते.

पहिल्या दिवशी मी घरच्या छोट्या इस्त्रीनं, म्हणजे आमच्या भाषेत सोल्डरिंगच्या इस्त्रीनं, एरियलच्या कनेक्टरला डाग दिला. पंचवीस वॅटची ती. मग सेट आणि काठी यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर लावला. पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत फिरते ते तो सांगतो. एक म्हणजे काही परत येत नाही, दीडपर्यंत ठीक. सेट एका वॅटवर ठेवून, सोळा सोडून दुसऱ्याच चॅनलवर, दोन सेकंद बटण दाबलं. काटा तीनच्या पुढं गेला. तीन म्हणजे चौथाई ताकद काठीपर्यंत जाऊन परत फिरते, आणि ती परत येऊन सेटलाच तापवते.

काठी तपासली. पाया तपासला. तार मल्टिमीटरवर सारखी लागत होती. दुपार झाली. काका सावलीत बसून जाळं शिवत होते, त्यांनी काही विचारलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. शेवटी कनेक्टर उघडून उन्हात धरला. जाळीचा डाग मळकट, दाणेदार दिसत होता. चांगला डाग आरशासारखा चमकतो आणि कडेला पसरून बसतो. हा नुसता वर गोळा होऊन बसला होता. कनेक्टरचं अंग जाड पितळेचं, ते सगळी उष्णता पिऊन घेत होतं आणि माझी इस्त्री त्याला तापवूच शकत नव्हती. मल्टिमीटरला असा कच्चा डाग कळत नाही. लहरीला कळतो.

घरी माळ्यावर वडिलांची ट्रंक आहे. ते गेल्यापासून मी ती दोनदाच उघडली होती. तिच्यात त्यांची मोठी इस्त्री होती, शंभर वॅटची, लाकडी मुठीची. व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या काळातली. त्या रेडिओंच्या पत्र्याच्या चौकटीला डाग द्यायचा तर असलीच इस्त्री लागे. मुठीवर त्यांच्या अंगठ्याची जागा झिजलेली आहे. सोबत डाग नीट बसावा म्हणून लावायच्या राळेची डबी होती, वाळून खडा झालेली, पण राळ खराब होत नाही. कल्हईवाला वापरतो तो नवसागर इथं चालत नाही, तो नंतर तांबं खात राहतो, हे त्यांनी मला आठव्या-नवव्या वर्षी सांगितलेलं.

धक्क्यावरच्या शेडमध्ये इस्त्री लावली. तापायला चांगली दहा मिनिटं लागली. पितळेला टेकवली, चार सेकंद थांबले, आणि कथील आपोआप पाण्यासारखं जाळीत शिरलं. डाग थंड होईपर्यंत हात हलू द्यायचा नसतो. मी श्वासही धरला होता. चमक तशीच राहिली. वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून तीन पदर गुंडाळली, वरच्या बाजूला येताना पदर खालून वर, म्हणजे पाणी कौलांवरून उतरतं तसं उतरेल. तार नावेच्या अंगात शिरते तिथं आधी खाली एक झोळ दिला, की ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडावा, तारेवरून आत येऊ नये. मीटर पुन्हा लावला. काटा १.३ वर थांबला.

बाकीची कामं भराभर झाली. सेट सुकाणूजवळ, बसल्या जागी हाताला येईल असा, पण होकायंत्रापासून पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, कारण स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो आणि तो होकायंत्राला खोटं बोलायला लावतो. चाळीस हॉर्सपॉवरच्या आवाजात सेटचा छोटा स्पीकर ऐकूच येत नाही, म्हणून दुसरा मोठा, खाऱ्याला टिकणारा, कमानीवर. बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी आणि शक्य तेवढी वर. एकच बॅटरी असली तर इंजिन सुरू करताना व्होल्टेज खाली येतं आणि सेट नेमका तेव्हा बंद पडून पुन्हा चालू होतो. शिवाय नावेत पाणी भरलं तर खालची बॅटरी आधी जाते, आणि खरी हाक तेव्हाच द्यायची असते. बॅटरीच्या टोकालाच दहा अँपिअरचा फ्यूज.

एप्रिलमध्ये चाचणी घेतली. मी शाळेत सेटपाशी, काका नाव घेऊन बाहेर. मुखातून बाहेर पडल्यावर आवाज आला तो इतका स्वच्छ की पाठीमागचं इंजिन, पाण्याचा सपसप आवाज, सगळं खोलीत आलं. नाकाच्या पलीकडे गेले तरी आवाज तसाच. आठ किलोमीटर बाहेर गेले, तरी तसाच. जिथं ते त्या रात्री अडकले होते तिथं जाऊन त्यांनी नाव थांबवली आणि म्हणाले, "बाई, आता हितं आहे. ऐकू येतंय का?" मी म्हटलं, येतंय.

मग एक गोष्ट कळली जी मी फळ्यावर काढली नव्हती. नाव सड्याच्या कड्याखाली, अगदी कातळांना लागून आली की आवाज तुटायचा. ज्या सड्यानं आम्हाला उंची दिली त्याच सड्याची सावली त्याच्या पायथ्याशी पडत होती. आणि पोरं पडतात ती तिथंच. त्यावर उपाय साधा निघाला. नाव कातळांकडे जाणार असेल तर एक माणूस हातातला सेट घेऊन कड्याच्या टोकाला, मंदिराच्या मागच्या पारावर जाऊन उभा राहतो. त्याला खालची नावही दिसते आणि शाळाही. तो इकडचं तिकडे सांगतो. त्या पारावर आता एक दगड रंगवून ठेवला आहे, नेमकं कुठं उभं राहायचं ते कळायला.

बोलायला शिकवणं हे बसवण्यापेक्षा अवघड गेलं. बटण दाबलेलं असताना आपल्याला काही ऐकू येत नाही, आणि दोघं एकदम बोलले तर जोराचा तेवढा ऐकू येतो, दुसरा नाहीसा होतो. म्हणून सोळावर गप्पा मारायच्या नाहीत, हाक मारायची आणि दुसऱ्या चॅनलवर जायचं. हे पोरांना एकदा सांगून पुरत नाही. मी त्यांना खोलीत दिवे घालवून सराव करायला लावला. तीन वेळा 'मेडे', मग नावेचं नाव, मग कुठं आहोत, काय झालंय, किती माणसं. मेडे हा शब्द १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर ठरला, 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून. एका पोरानं विचारलं, वाचवा म्हटलं तर चालणार नाही का? आपल्या शाळेला चालेल, मी म्हटलं. पण पलीकडून जाणाऱ्या जहाजावर फिलिपिनो असेल, ग्रीक असेल, त्याला 'मेडे' कळतो.

जागेचंही तसंच. आमच्या लोकांना समुद्र नावानं ठाऊक आहे. अमका खडक, तमकी खोबण, ज्याच्यासमोर वाडीचा वड दिसतो ती जागा. तटरक्षक दलाला अक्षांश-रेखांश लागतात. आता दोन्ही सांगायचं ठरलंय. सेटवर लाल बटण आहे, झाकणाखाली. झाकण उघडून ते काही सेकंद दाबून धरलं की सेट आपला नऊ आकडी नंबर, आपल्या देशाचा म्हणून ४१९ नं सुरू होणारा, आणि जीपीएसनं दिलेली जागा सत्तर नंबरच्या चॅनलवरून पाठवतो, कुणी पोच देईपर्यंत पुन्हा पुन्हा. बोलणाऱ्याला बोलता आलं नाही तरी. काकांनी ते बटण नीट समजून घेतलं. दोनदा समजून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी नसलो तरी हा सांगंल." मी हो म्हटलं. पुढं काही बोलता आलं नाही.

ऐकायला कोण बसणार, हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला, खरं तर तो पहिला असायला हवा होता. सेट कितीही चांगला असला तरी त्याच्यापुढं माणूस हवं. दिवसा शाळेत मी असते, पण तास सोडून कायम तिथं बसता येत नाही. तांडेलकाकी आमच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. त्यांची चूल सेटच्या खोलीला लागून. एक दिवस त्या पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "मला दाखवा बटण कुठचं ते." चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती. लिहिता येतं, पण सवय नाही. मी एक लांब वही आणून दिली, रकाने आखून, वेळ, काय ऐकलं, काय सांगितलं.

गेल्या पावसाळ्यानंतर, नारळी पौर्णिमा झाल्यावर, मी कनेक्टरची टेप सोडून डाग बघितला. चमक होती. तशीच परत गुंडाळली. छपरावरचा मात्र एका जागी सैल झाला होता, वाऱ्यानं तार हलून हलून. तो पुन्हा दिला, त्याच इस्त्रीनं, आणि तारेला दर हातभर अंतरावर पकड घातली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी शाळा अर्धा दिवस होती आणि मी रत्नागिरीला गेले होते. संध्याकाळी परत येऊन शाळेत डोकावले, तर खोलीत दिवा होता. काकी स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर निवडायला घेतलेले तांदूळ. सेटमधून बारीक खरखर येत होती. नाव बाहेर गेली होती, कुणाची तरी होडी इंजिन बंद पडून वाहत चालली होती म्हणून. मी काही विचारण्याआधी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. अक्षरं मोठी, रेघेच्या वर-खाली गेलेली.

५.१०. निघाले. तीन माणसं.

५.३५. नाकापलीकडे. ऐकू येतंय.

६.०५. होडी सापडली. दोघं आहेत. बरे आहेत.

६.४०. मुखाबाहेर. पाच माणसं. मी हो म्हटलं.